कासवाची पाठ फुटली तर

संकट आले की कासव कवचात शिरते, असे आपण म्हणतो. पण घरात शिरणारा बाहेरही राहू शकतो. कासवाला ते शक्य नाही. एखाद्या संग्रहालयात कासवाचा सांगाडा असेल तर तो आतून अवश्य पाहा. पाठीचा कणा आणि बरगड्या ढालीशी एकजीव झालेल्या दिसतील. ढाल म्हणजे हाडच, आणि तिच्यावर आपल्या नखांत असते त्या केराटिनचे पातळ आवरण. या हाडात रक्त खेळते, त्याला वेदनाही होतात. मोटारीच्या चाकाखाली किंवा होडीच्या पंख्याने कवच तडकते, तेव्हा कासवाचे हाड मोडलेले असते, आणि तेही उघड्या जखमेसह.

पूर्वी पशुवैद्य अशी भेग काचतंतूंचे कापड व एपॉक्सी राळ लावून बुजवून टाकीत. दिसायला काम नामी! पण आत माती किंवा जंतू राहिले तर झाकणाखाली पू साचे आणि बाहेरून काहीच कळत नसे. वाढत्या पिलांच्या कवचाची वाढही राळेखाली अडे.

आता वेदनाशामक देऊन जखम निर्जंतुक मीठपाण्याने धुतात, तीही बेताने. कारण पाठीच्या ढालीखाली लगेच फुप्फुसे असतात. आपल्या छातीला भोक पडले तर फुप्फुस आकसते. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल नसते. पायांजवळच्या व पोटाच्या स्नायूंनी ते श्वास ओढते. त्यामुळे कवच फुटूनही बहुधा त्याचा श्वास चालू राहतो. भेग मधोमध असेल तर मात्र चिंता अधिक. तेथील मज्जारज्जू दुखावला, तर मागचे पाय लुळे पडतात.

जखम स्वच्छ झाली की भेगेच्या दोन्ही बाजूंना छोटे हूक चिकटवून त्यांत तार आवळतात. अमेरिकेत २०१९ मध्ये या कामासाठी लोकांकडून जुन्या अंतर्वस्त्रांचे हूक मागवले गेले होते! भेग उघडी राहिल्याने रोज तपासता येते. हाड सांधायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. थंडीत या प्राण्याच्या शरीराचे सारेच व्यवहार मंदावतात, म्हणून त्याला उबेत ठेवतात.

रस्त्यावर असे कासव दिसले तर त्याला तळ्यात सोडू नका. पाणी थेट जखमेत शिरेल. कोरड्या खोक्यात ठेवा, सुटलेले तुकडेही सोबत घ्या आणि वनखात्याला कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडची रानटी कासवे घरी ठेवता येत नाहीत. खोक्यावर स्वच्छ फडके मात्र जरूर टाका. उघड्या जखमेवर माशा काही तासांतच अंडी घालतात.