मीठ राखणारे संप्रेरक : अल्डोस्टेरॉन

रक्तदाबाच्या रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात, "रानावनात राबणाऱ्या माणसाला हा शहरी आजार कसा जडला?" प्रश्न स्वाभाविक आहे, त्यातील समजूत मात्र बरोबर नाही. 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा अर्धांगवायू, म्हणजेच लकवा, हे सर्वांत मोठे कारण आढळले. सुमारे सातांपैकी एक मृत्यू त्याने झाला होता. लकव्यामागे पुष्कळदा वाढलेला रक्तदाब असतो. आणि वैनगंगेपलीकडील ती गावे मूलला परकी नाहीत.

हा दाब सांभाळणाऱ्या संप्रेरकांपैकी एक म्हणजे अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ते स्रवते. सिल्व्हिया सिम्पसन व जेम्स टेट यांनी स्विस सहकाऱ्यांसह १९५३ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या मजुराच्या घामावाटे पाणी व मीठ दोन्ही जातात. दाब उतरू लागला की मूत्रपिंडे रेनिन सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते अधिवृक्क ग्रंथींना जागे करते. मग अल्डोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडे मीठ राखून ठेवतात, मिठामागे पाणी थांबते व पोटॅशियम लघवीवाटे बाहेर पडते. उन्हाची सवय झाल्यावर घामातील मीठ कमी होते, त्यातही याच संप्रेरकाचा हात असतो. उन्हात राबणाऱ्यांवर त्याचे केवढे उपकार!

१९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी लोकांची तपासणी झाली. त्यांच्या आहारात वेगळे मीठ नव्हते. अल्डोस्टेरॉन भरपूर, तरीही वयाबरोबर रक्तदाब वाढत नव्हता. म्हणजे दोष एकट्या संप्रेरकाचा नव्हे. मीठ जपणाऱ्या शरीराची लोणचे, पापड, खारवलेली मासळी आणि भातावर वरून घेतलेले मीठ यांच्याशी गाठ पडते, तेथे अडचण सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, मीठ सुचविते.

काही रुग्णांत मात्र ग्रंथी गरज नसताही हे संप्रेरक सोडत राहते. अमेरिकेतील जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा विकार प्रथम वर्णिला. तरुण वयात रक्तदाब जडला, अथवा तीन औषधांनीही तो आटोक्यात येईना, तर त्याची शंका घ्यावी. पोटॅशियम घटून स्नायूंत अशक्तपणा येऊ शकतो. पण ते प्रमाणात असले म्हणून विकार नाहीच, असे समजू नये.

एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे याच साखळीला लगाम घालतात. स्पायरोनोलॅक्टोन थेट अल्डोस्टेरॉनचे कार्य अडविते. "आता दाब बरा आहे" म्हणून ती आपल्या मनाने बंद करणे, हे आमच्या मते लकव्याला वाट करून देणे होय. परंतु हगवण, ओकाऱ्या वा ऊन लागून अंगातील पाणी घटले, तर तोच लगाम मूत्रपिंडांना जाचक ठरतो. अशा वेळी गोळ्या थांबवाव्यात की चालू ठेवाव्यात, हे घरी ठरवू नये. गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात आणावे.