गोठ्यातला बैल तिथे काय करतोय?

आजचे वचन : यशया १:२-१४ आणि लूक २:१-७

नाताळचा गोठा मांडताना मरिया, योसेफ, बाळ येशू यांची जागा आधी ठरते. बैल आणि गाढव उरलेल्या कोपऱ्यात, जागा भरायला. पण मित्रांनो, लूकचा दुसरा अध्याय उघडा आणि त्यात बैल शोधा. बायबल ॲपमध्ये सर्च मारला तरी चालेल. नाही सापडणार! गाढवही नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात जन्माची हकीकत आहे, तिथेही नाहीत.

मग ही जोडी आली कुठून? असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडली, तेव्हा खरेखुरे बैल आणि गाढव आणले होते. पण जोडी त्याहून फार जुनी आहे. मिलानच्या संत अँब्रोज चर्चमध्ये चौथ्या शतकातली एक कोरीव दगडी शवपेटी आहे. तिच्यावर बाळ आहे, बैल आहे, गाढव आहे, आणि मरिया-योसेफ नाहीतच. म्हणजे त्या काळच्या ख्रिस्ती लोकांना ही जनावरं नुसती शोभेची वाटत नव्हती.

त्यांच्या मनात यशया १:३ होतं. तिथे देव तक्रार करतो : बैलाला आपला मालक कळतो, गाढवाला धन्याची गव्हाणी कळते, पण माझ्या लोकांना मी कळत नाही. यशयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात गव्हाणीसाठी जो शब्द आहे, तोच लूकने बाळ येशूच्या गव्हाणीसाठी वापरलाय. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हे दोन धागे जोडले आणि बैल-गाढव बेथलेहेमात आले.

ही तक्रार कोणाबद्दल आहे बघा. देवाला विसरलेल्या, सणवार सोडलेल्या लोकांबद्दल? अजिबात नाही. पुढे ११ ते १४ ओव्या वाचा. यज्ञ चालू, धूप चालू, सभा भरलेल्या, सण जोरात. आणि देव म्हणतो, मला याचा वीट आलाय. मला हे फार टोचतं, कारण आपला डिसेंबर अगदी असाच असतो. क्वायरची प्रॅक्टिस, स्टार लावणं, केकची ऑर्डर, मधेच ऑफिसची रिलीज. सगळं त्याच्याच नावाने, आणि दिवसभरात त्याच्याशी दोन शब्द बोलणं राहून जातं. बैलाकडे तर कॅलेंडर नाही, प्लेलिस्ट नाही. चारा कोण घालतो एवढं त्याला कळतं आणि तो तिकडे मान वळवतो.

मला वाटतं, पूर्ण सजावटीत आपल्याशी सर्वांत स्पष्ट बोलणारी वस्तू हीच आहे. ताऱ्यापेक्षाही.

तर यंदा एक करून बघा. अनेक घरांत बाळ २४ च्या रात्रीच गव्हाणीत ठेवतात. तोवर बैल आणि गाढव कोपऱ्यातून काढून रिकाम्या गव्हाणीला अगदी लागून ठेवा, तिच्याकडे तोंड करून. घरातली लहान मुलं विचारतील, हे का? मग यशया उघडा.