नाकुरूला जातेस ना, मग ऐक

नैरोबीहून निघायच्या आदल्या रात्रीच ड्रायव्हरला सांगून ठेव, आम्हाला पक्षी बघायचेत. नाहीतर तो सवयीप्रमाणे सिंह-गेंड्यांमागे गाडी पळवेल. तिथे वाटेल तिथे उतरता येत नाही, तेव्हा गाडी कुठे उभी राहते यावरच सगळं. थांबलात की इंजिन बंद करायला लाव. चालू इंजिनाच्या थरथरीने दुर्बिणीतला पक्षी नुसता हलत राहतो. आणि दुर्बीण ज्याची त्याला हवी गं. एकीवर तिघं म्हणजे भांडणं.

ऊन पाठीशी हवं. म्हणून सकाळी पूर्वेचा काठ, दुपारनंतर पश्चिमेचा बबून क्लिफ. पहाटे स्वेटर घाल. विषुववृत्त जवळ असलं तरी तळं महाबळेश्वरहून उंचावर आहे.

जुन्या फोटोंतला तो गुलाबी काठ मनात धरून जाऊ नकोस. २०१० नंतर तळ्याचं पाणी इतकं चढलं की जुनं मुख्य फाटकही बुडालं. खारेपणा उतरला, रोहितांचं खाणं असलेलं स्पिरुलिना घटलं, आणि पुष्कळसे थवे बोगोरियासारख्या तळ्यांकडे गेले. जे दिसतील ते नीट बघ. छोट्या रोहिताची चोच गडद, काळपट लाल. मोठ्याची गुलाबी, टोक तेवढं काळं. छोटा पाण्याच्या वरच्या थरातून चोच फिरवत जातो, मोठा मान खोल घालून चिखल ढवळतो. शिवडीला पाहिलेले आठव, ओळख लगेच पटेल. थवा उडावा म्हणून कुणी टाळ्या वाजवायला लागलं तर तिथल्या तिथे थांबव. खाणं मोडतं त्यांचं.

उत्तरेला न्जोरो नदी तळ्यात शिरते, तिथलं गोडं पाणी सोडू नकोस. पेलिकन, शेकाटे, हिवाळ्यात युरोप-आशियातून आलेले तुतवार, सगळे तिथे उतरतात. ऐरणीवर हातोडी पडल्यासारखं 'टिंक टिंक' ऐकलंस की काळी-पांढरी टिटवी शोध, आपल्या टिटवीचीच बहीण. पिवळ्या खोडांच्या बाभळीवर पांढऱ्या डोक्याचा मत्स्यगरुड असेल. तो ओरडताना मान पार मागे टाकतो, तेवढं बघितल्याशिवाय गाडी हलवू देऊ नकोस.

फराळ डब्यात ने. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांना २०१७पासून बंदी आहे, अभयारण्यात पाण्याची प्लास्टिकची बाटलीही चालत नाही. स्टीलची घे, मोठी.