आधी लिव्हर बघा

पेट स्कॅनच्या विभागात काम करताना काही गोष्टी पक्क्या झाल्या. नव्याने येणाऱ्यांना मी त्या आवर्जून सांगते.

१. यंत्र फक्त मोजतं, चित्र आपण बांधतो. रुग्णाला टोचलेल्या औषधातल्या फ्लोरिन-18 मधून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भिडतो आणि 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. दोन डिटेक्टरांना ते एकाच वेळी लागले की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर एक नोंद. बस, हाती एवढंच असतं.

२. प्रत्येक नोंदीवर सारखा भरवसा ठेवू नये. सरासरी 100 नोंदींमागे साधारण 10 ची चूकभूल धरावी लागते. 10,000 असतील तर 100 ची, म्हणजे अवघ्या 1 टक्क्याची. स्थूल रुग्णाच्या पोटातून जाणाऱ्या रेषांवर नोंदी फार कमी मिळतात. फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन ही जुनी रीत सगळ्या रेषांना एकाच मापाने तोलते, आणि चित्रभर पट्टे उमटतात. शेप आणि वार्दी यांनी 1982 मध्ये प्रश्नच वेगळा विचारला: औषध शरीरात कसं पसरलेलं असेल, तर नेमक्या याच नोंदी मिळण्याची शक्यता सर्वाधिक? एक अंदाज धरायचा, त्यातून किती नोंदी यायला हव्यात ते काढायचं, प्रत्यक्ष नोंदींशी गुणोत्तर लावून अंदाज दुरुस्त करायचा. मग पुन्हा तेच. मला ही रीत आजही फार सुंदर वाटते.

३. या फेऱ्या थांबवायच्या कुठे, हे फँटमवर, म्हणजे चाचणीसाठीच्या नकली शरीरावर शिकावं. त्यात 10 पासून 37 मिलिमीटर व्यासापर्यंतचे सहा गोल असतात. मोठा गोल थोड्याच फेऱ्यांत भरतो, 10 मिलिमीटरचा मात्र मागेच राहतो. त्याच्यासाठी फेऱ्या वाढवल्या की आजूबाजूची सपाट जागा रवाळ होऊ लागते, कारण गणित आता नोंदींमधला गोंधळही इमानेइतबारे जुळवू लागलेलं असतं. रुग्णात हेच लिव्हरमध्ये दिसतं. निरोगी लिव्हर एकसारखं दिसायला हवं. ते ठिपकेदार दिसलं, तर शेजारच्या बारीक ठिपक्याला गाठ म्हणण्याआधी सेटिंग तपासावं.

४. हडसन आणि लार्किन यांच्या 1994 च्या पद्धतीत नोंदींचे गट पाडतात, त्यामुळे काम झपाट्याने होतं. नोंदी कमी असतील तर गट कमीच ठेवावेत.

५. केमोच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकाच सेटिंगवर बांधलेला हवा. यावर मी अडून बसते. दुसऱ्या वेळी डिटेक्टरचा धूसरपणा भरून काढणारी सोय चालू केली, तर छोट्या गाठीत औषध किती साठलं याचा आकडा आजार न वाढताही चढतो, आणि त्या आकड्यावर कुणाचे तरी उपचार बदलू शकतात. रुग्ण दुसऱ्या सेंटरची सीडी घेऊन येतात, त्यात बहुधा तयार चित्रंच असतात. मूळ नोंदी नसल्या की नव्याने बांधणी करता येत नाही. म्हणून इटरेशन (फेऱ्या), सबसेट (गट), फिल्टर हे सगळं रिपोर्टवर लिहावं, आणि निदान पुढच्या स्कॅनपर्यंत तरी कच्चा डेटा पुसू नये.