जेसॉनचा साचा : कोणता सरकारचा, कोणता आपला

मालेगाव, इचलकरंजी, सुरतेचा माल आणून बीड, अंबाजोगाई, परळीच्या दुकानदारांना पुरवणारे आपले ठोक व्यापारी आता बिले संगणकावर करतात. एका दुकानाचा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामकडे माहिती मागतो, त्या दाराला वेब एपीआय म्हणतात. तेथून येणारे उत्तर बहुधा जेसॉन पद्धतीने लिहिलेले असते. ठाणावर चिठ्ठी लावतो तशी प्रत्येक माहितीला नावाची चिठ्ठी लावायची, एवढेच जेसॉन. या उत्तराचा साचा कोणी ठरवायचा, हे नीट समजून घेतले पाहिजे.

काही साचे दुसऱ्याचे असतात. २०१७-१८ पासून कोणत्याही वर्षी ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली, अशा व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेले बिल ई-इन्व्हॉइस पोर्टलवर ठरलेल्या साच्यातच पाठवावे लागते. उत्तरात ६४ अक्षरांचा आयआरएन, पोच क्रमांक आणि सही असलेला क्यूआर कोड येतो. बिलाची तारीख येथे तिरप्या रेघांनी लिहायची, तर जीएसटीआर-१ च्या जेसॉनमध्ये आडव्या रेघांनी. येथे आपली मर्जी चालत नाही. नियम लागू असून आयआरएन नसेल, तर ते बिल कायद्याने बिलच ठरत नाही आणि माल घेणाऱ्याचे इनपुट क्रेडिट अडचणीत येते.

परंतु गिऱ्हाइकाच्या प्रोग्रामला आपला शिल्लक माल दाखवायचा असेल, तर साचा आपला. पुष्कळ ठिकाणी प्रोग्रामर खातेवहीची नोंद जशीच्या तशी बाहेर पाठवतो. मग विक्रीच्या भावाबरोबर आपला खरेदी भाव आणि इतरांची उधारीही जाते. पडद्यावर ती दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये; आलेले संपूर्ण उत्तर समोरच्याला उघडून वाचता येते. म्हणून बाहेर द्यायच्या उत्तराचा साचा वेगळा करावा व त्यात मालाचे नाव, शिल्लक मीटर, विक्रीचा भाव, जीएसटीचा दर एवढेच ठेवावे.

आणखी चार गोष्टी पाळाव्यात. माल एकच असला तरी तो यादीच्या रूपातच द्यावा, म्हणजे समोरचा प्रोग्राम गोंधळत नाही. मीटर आणि भाव इंग्रजी अंकांत, अवतरणचिन्हांशिवाय लिहावेत, नाहीतर बेरीज चुकते. माल संपला किंवा चूक झाली, तर तेही ठरलेल्या साच्यातच कळवावे. नवी चिठ्ठी वाढवली तर सहसा बिघडत नाही. पण जुनी काढली किंवा तिचे नाव बदलले, तर समोरच्याचे काम ठप्प होते. बदल करायचाच असेल तर आधी कळवावे आणि काही महिने जुना साचाही चालू ठेवावा.

प्रोग्रामरला पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडून एका उत्तराचा नमुना कागदावर छापून घ्या. त्यातील प्रत्येक चिठ्ठी वाचा. परक्या माणसाच्या हाती जी चिठ्ठी आपण देणार नाही, ती त्या कागदावर असता कामा नये.