जागच्या जागेवरून घेतलेली झेप
(एक शास्त्रीय अभ्यास)

चालत्या गाड्यास चालते ठेवणे सोपे. उभ्या गाड्यास पहिल्यांदा हलविणे कठीण. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील काळ्या जमिनीत वाढलेल्या मुलास हे सत्य पुस्तकातून शिकावे लागत नाही. पावसाळ्यात शेतवाटेवर ट्रॅक्टर रुतला म्हणजे नवशिका चालक अॅक्सिलरेटर जोराने दाबतो. चाक गरगर फिरते, चिखल उडतो, आणि ट्रॅक्टर पुढे जाण्याऐवजी अधिकच खाली जातो. जाणता शेतकरी मात्र जोर कमी करावयास सांगतो, चाकाखाली पऱ्हाटीच्या काड्या घालतो, आणि हळूहळू गाडी बाहेर काढतो. त्याने इंजिनाची शक्ती वाढविली नाही. जमिनीची पकड वाढविली. प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच तत्त्वाचा विचार एका वेगळ्या ठिकाणी करणार आहोत. ते ठिकाण म्हणजे सरळ धावपट्टीवरील मोटारींची शर्यत, म्हणजेच ड्रॅग शर्यत होय.

या शर्यतीचे स्वरूप आपल्याकडील लोकांस मुळीच परके वाटू नये. पैनगंगेपलीकडील विदर्भात शंकरपट भरतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. सरळ आखलेल्या पट्टीवर बैलजोडी उभ्या अवस्थेतून सुटते आणि काही सेकंदांत शेवट गाठते. निकाल घड्याळ देते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निर्णयाने अशा शर्यती बंद झाल्या होत्या. पुढे महाराष्ट्राने केलेला कायदा त्याच न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरविला, आणि आता नियमांच्या चौकटीत त्या भरतात. शर्यतीस वळण नाही, चढउतार नाही. म्हणून सुटतानाचा क्षण चुकला तर तो भरून काढावयास पुढे जागा उरत नाही.

मोटारींच्या ड्रॅग शर्यतीतही हेच घडते. तिचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. अमेरिकेत या शर्यतींस शिस्त लावणारी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था १९५१ साली स्थापन झाली. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅली येथील विमानांच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती भरलेल्या आहेत. तमिळनाडूत चेन्नईजवळच्या मोटार-शर्यतीच्या मैदानावरही त्या झाल्या आहेत. आरंभरेषेवर दिव्यांचा एक खांब असतो. पिवळे दिवे लागून गेल्यावर हिरवा दिवा लागतो. त्याआधीच गाडी हलली तर लाल दिवा लागतो आणि ती बाद होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोटारीस पुढे कोण ढकलते? बहुतेक विद्यार्थी उत्तर देतील, इंजिन. परंतु न्यूटनचा तिसरा नियम आठवावा. इंजिन चाक फिरविते, चाक जमिनीस मागे ढकलते, आणि जमीन चाकास तितक्याच बलाने पुढे ढकलते. म्हणजे गाडीस प्रत्यक्ष पुढे नेणारे बल जमिनीकडून, घर्षणाच्या रूपाने येते. आणि घर्षणास मर्यादा आहे. चाकावर जितका भार, त्यास घर्षणांकाने गुणावे. येणाऱ्या संख्येपेक्षा अधिक बल जमीन स्वीकारीत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गाडीचे वस्तुमान १,६०० किलोग्रॅम आहे व इंजिन केवळ मागील चाके फिरविते असे समजू. गाडीचे एकूण वजन सुमारे १५,७०० न्यूटन. त्यातील निम्मे मागील चाकांवर. गाडी सुटताना तिचा भार मागे झुकतो, त्यामुळे मागील चाकांवरील भार सुमारे ९,४०० न्यूटन होतो असे धरू. घर्षणांक ०.९ असेल तर जमीन सुमारे ८,५०० न्यूटन बल स्वीकारील. आता इंजिनाची बाजू पाहू. चाक फिरविणाऱ्या जोरास यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात. इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर आहे, पुढे वर्णिलेल्या यंत्राने तो दुप्पट होतो, आणि पहिल्या गिअरमुळे व मागील दातेरी चक्रांमुळे बारापट होतो असे मानू. चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर धरली तर जमिनीवर येणारा जोर सुमारे २९,००० न्यूटन भरतो. म्हणजे जमीन जितके घेऊ शकते त्याच्या तिपटीहून अधिक इंजिन देऊ पाहते! सुटण्याच्या क्षणी उणीव शक्तीची नसून पकडीची असते, हे यावरून ध्यानात येईल.

ज्या यंत्राचा वर उल्लेख केला ते स्वयंचलित गिअरच्या गाडीतील टॉर्क कन्व्हर्टर होय. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले, ते जहाजांकरिता. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आणि मोकळ्या जागेऐवजी बंद डबा कल्पावा. एक पंखा इंजिनास जोडलेला, दुसरा गिअरपेटीस. दोहोंमध्ये एक तिसरे पात्यांचे चक्र असते. ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून त्याचा जोर पुन्हा उपयोगात आणते. म्हणूनच आरंभी टॉर्क सुमारे दुप्पट होतो. क्लच दाबण्याची गरज राहत नाही, आणि ब्रेकवर पाय असला तरी इंजिन बंद पडत नाही.

यावरून आरंभरेषेवरील चालकाची कृती समजते. तो डाव्या पायाने ब्रेक धरतो व उजव्या पायाने अॅक्सिलरेटर हळू दाबतो. इंजिन मिनिटास सुमारे दोन हजार फेऱ्यांपर्यंत चढते. पंख्यांमधील तेल ताणले जाते. गाडी मात्र उभीच. हिरवा दिवा लागताच तो ब्रेक सोडतो आणि अॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत न दाबता, चाकाची पकड जशी टिकेल तसा वाढवीत जातो. पुढचे गिअर यंत्र आपोआप बदलते.

ब्रेक धरून थांबण्याचा हा काळ एकदोन सेकंदांहून अधिक असू नये. गाडी हलत नाही, तेव्हा इंजिनाची सारी शक्ती तेल तापविण्यात जाते. समजा ६० किलोवॉट शक्ती पाच सेकंद तेलात गेली. ती ३०० किलोज्यूल उष्णता झाली. पाच किलोग्रॅम तेलाचे तापमान तेवढ्यात सुमारे ३० अंशांनी वाढेल. असे वारंवार केले तर तेल करपते आणि गिअरपेटी निकामी होते.

चाक जागच्या जागी फिरले तर काय बिघडते? सरकत्या पृष्ठांचे घर्षण हे न सरकणाऱ्या पृष्ठांच्या घर्षणाहून कमी असते. आपल्या उदाहरणात चाक सरकू लागताच घर्षणांक ०.९ वरून ०.७ वर आला असे धरू. न सरकता गाडी पहिले १८ मीटर सुमारे २.६ सेकंदांत जाईल. सरकत गेली तर ३ सेकंद लागतील. फरक केवळ ०.४ सेकंदाचा. परंतु पाव मैलाच्या शेवटी गाडीचा वेग ताशी १६० किलोमीटर असेल, तर तेवढ्या वेळात ती सुमारे १८ मीटर जाते. धूर अधिक काढणारी गाडी प्रेक्षकांचे डोळे दिपविते, पण चार गाड्यांच्या लांबीने मागे राहते. आगगाडीचे इंजिन चढावर वा ओल्या रुळांवर घसरू लागले म्हणजे चालक चाकांपुढे वाळू सोडतो, त्याचेही कारण हेच.

विद्यार्थी मित्रहो, या गोष्टीची प्रचीती घरीच घेता येईल. लाकडी ठोकळ्यास आकड्याचा काटा अडकवून तो मेजावर हळूहळू ओढावा. ठोकळा हलण्याच्या क्षणी काटा एक आकडा दाखवील. हलू लागल्यावर तो खाली येईल. ठोकळ्यावर वजन ठेवून, मग मेजावर पाणी शिंपडून, तोच प्रयोग पुन्हा करावा व आकडे वहीत मांडावेत.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हास कर्तव्य वाटते. राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या जिल्ह्यातून जातो, आणि त्याची सरळ, गुळगुळीत लांबी तरुणांस मोह घालते. परंतु धावपट्टी व रस्ता यांत मोठा भेद आहे. धावपट्टीवर शेवटच्या रेषेपुढे थांबण्यासाठी मोकळी जागा राखलेली असते. ताशी १६० किलोमीटर वेगाची गाडी चांगल्या रस्त्यावरही ब्रेक लागल्यापासून सुमारे १२५ मीटर जाते; धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा एक सेकंद धरला, तर आणखी ४४ मीटर. म्हणजे जवळजवळ १७० मीटर! तेवढ्या अंतरात कापसाची बैलगाडी वळत असेल, एखादे मूल शाळेत जाण्यासाठी रस्ता ओलांडीत असेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावणे हा कैद व दंड यांस पात्र असा गुन्हा आहे.

कायदा नसता तरी गणिताने हेच सांगितले असते. ज्या घर्षणाच्या आधारे गाडी सुटते, त्याच घर्षणाच्या आधारे ती थांबते. आणि त्या घर्षणाची मर्यादा कोणाच्याही धाडसाने वाढत नाही. जो चालक ही मर्यादा ओळखतो तो पट्टीवर जिंकतो आणि रस्त्यावर सुखरूप घरी पोहोचतो.