धावपटूचे घड्याळ : आकडे आणि त्यांचा अर्थ

महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, तर महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. या चाचणीसाठी पहाटे गावच्या रस्त्यावर सराव करणाऱ्या तरुणांपैकी काहींच्या मनगटावर आता फिटनेस घड्याळ दिसू लागले आहे. धाव संपताच हे घड्याळ अंतर, वेग व हृदयाचे ठोके दाखविते. इतकेच नव्हे, तर सराव 'उत्पादक' झाला की 'अनुत्पादक', आणि विश्रांती किती तास घ्यावी, याविषयी अभिप्रायही देते. हा अभिप्राय अंतिम निकाल समजून कोणी सराव बेसुमार वाढवितो, तर कोणी निराश होतो. म्हणूनच घड्याळ प्रत्यक्ष काय मोजते आणि कशाचे केवळ अनुमान करते, हा भेद शिक्षकांनी व मार्गदर्शकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्यक्ष मोजमाप

धावताना ठोके मोजण्याची सोय तशी जुनी आहे. फिनलंडमधील पोलर कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी हृदयगतिमापक बाजारात आणला. त्यासाठी छातीला पट्टा बांधावा लागे. आजची बहुतेक घड्याळे त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतात. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यागणिक मनगटातील रक्ताचे प्रमाण बदलते आणि परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून ठोके मोजले जातात. घड्याळ सैल असल्यास मात्र हाताच्या हालचालीने गोंधळ होतो. कधी कधी पावलांची लयच ठोके म्हणून नोंदली जाते. धावपटू सहज बोलत धावत असताना घड्याळ १७५ ठोके दाखवीत असेल, तर प्रथम घड्याळावरच शंका घ्यावी. मनगटाच्या हाडापासून किंचित वर, घट्ट पण रक्त न अडेल असे ते बांधावे.

अंतर उपग्रहांच्या संकेतांवरून काढले जाते. झाडी, उंच इमारती व मैदानाची वळणे यांमुळे त्यात चूक संभवते. समजा, ४०० मीटरच्या मोजलेल्या मैदानावर चार फेऱ्यांत घड्याळाने १६५० मीटर दाखविले. अशा घड्याळात दर किलोमीटरला ४ मिनिटे १० सेकंद हा वेग पाहून निर्धास्त राहिलेला उमेदवार १६०० मीटर ६ मिनिटे ४० सेकंदांत धावल्याचे समजेल. प्रत्यक्षात त्याला सुमारे १२ सेकंद अधिक लागलेले असतील. वेळेवर गुण अवलंबून असलेल्या चाचणीत हा फरक लहान नव्हे. चाचणीची तयारी मोजलेल्या मैदानावर, साध्या स्टॉपवॉचनेच तपासावी.

अनुमानाच्या मर्यादा

सराव हलका होता की कठीण, हे ठरविताना अनेक घड्याळे प्रारंभी कमाल हृदयगती २२० वजा वय या सूत्राने धरतात. हे सूत्र सरासरीचे आहे. व्यक्तिगणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज आढळतो. वीस वर्षांच्या तरुणाची कमाल गती सूत्राने २०० येते. त्याची खरी कमाल गती १८८ असेल, तर १७० ठोक्यांवर घड्याळ ८५ टक्के श्रम दाखवील, पण शरीर ९० टक्के श्रम करीत असेल.

प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता, म्हणजेच व्हीओटू मॅक्स, हादेखील अंदाजच होय. किती वेगाला किती ठोके पडतात, या संबंधावरून तो बांधला जातो. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त जाते, घामाने शरीरातील पाणी घटते आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. काही घड्याळे तापमानाची दखल घेतात, सर्वच घेत नाहीत. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत क्षमता घसरल्याचा किंवा सराव 'अनुत्पादक' असल्याचा शेरा आला, तर तो बहुधा उन्हाचा परिणाम असतो. अशा वेळी वेग वाढविण्याचा हट्ट घातक ठरू शकतो.

शिवाय, दिवसभर केलेली ऊसतोडणी, अपुरी झोप किंवा घरातील चिंता यांचा पुरता हिशेब घड्याळाजवळ नसतो. 'विश्रांती पूर्ण' असा संदेश वाचताना याचे भान ठेवावे.

उपयोग कसा करावा

म्हणून घड्याळ निरुपयोगी ठरते असे मात्र नाही. एका दिवसाच्या शेऱ्यापेक्षा चार ते सहा आठवड्यांचा कल पाहावा. एकाच मार्गावर, एकाच वेळी, सारख्याच वेगाने धावताना ठोके हळूहळू कमी होत असतील, तर प्रगती होत आहे असे समजावे. गेल्या आठवड्याचा सराव त्याआधीच्या महिन्याच्या सरासरीहून एकदम फार वाढला असल्यास थांबून विचार करावा. सकाळी उठताच मोजलेले ठोके सलग काही दिवस नेहमीपेक्षा जास्त असल्यास सराव हलका करावा.

शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी प्रत्येक धावपटूला एक वही ठेवण्यास सांगावे. तीत अंतर, वेळ, ठोके, हवामान, झोप आणि 'धाव किती जड वाटली' यासाठी एक ते दहा गुण अशी नोंद असावी. घड्याळ नसलेल्या मुलालाही बोटांनी नाडी मोजून ही वही ठेवता येते. ग्रामपंचायतीने चुन्याची आखणी करून मोजलेले मैदान उपलब्ध करून दिल्यास गावातील सर्वच उमेदवारांची सोय होईल.

छातीत दुखणे, भोवळ येणे, प्रमाणाबाहेर दम लागणे किंवा उन्हात धावताना भ्रम होणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसताच धाव तत्काळ थांबवावी. उन्हाने भ्रम झाल्यास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे. रुग्णाला विनाविलंब वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. त्या क्षणी घड्याळातील सर्व आकडे उत्तम असले, तरी ते विचारात घेऊ नयेत.